उसने चित्र आणि कर्त्याचे नाव

शिक्षकाने वर्गासाठी तयार केलेल्या तक्त्यावर, कृतिपत्रिकेत किंवा पडद्यावर दाखविलेल्या पाठात जे चित्र असते ते मूळचे कोणाचे, हा प्रश्न फार वर्षे कोणी विचारीत नव्हते. चित्र एखाद्या मासिकातून कापलेले असे, जुन्या दिनदर्शिकेतून काढलेले असे, नाहीतर पाठ्यपुस्तकावर ट्रेसिंग पेपर ठेवून गिरविलेले असे. तक्ता भिंतीवर लागे, वर्षभर उन्हाने विटे आणि मे महिन्यात उतरे. त्याचा सारा प्रवास वर्गाच्या चार भिंतींच्या आत होई. आज तसे राहिलेले नाही. तोच तक्ता मोबाईलवर टिपला जातो, संध्याकाळपर्यंत चार जिल्ह्यांतील शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आणि पुढच्या वर्षी कोणाच्या तरी छापील पुस्तिकेत किंवा यूट्यूबवरच्या पाठात उतरतो. चित्र तेच असते. पण वर्गात ते एक असते आणि वेशीबाहेर पडल्यावर दुसरेच होते.

या स्मरणिकेच्या तयारीच्या बैठकांत काही माजी विद्यार्थ्यांनी अशी सूचना मांडली की, आपल्या शाळेतील शिक्षकांनी आजवर केलेले अध्यापन-साहित्य एकत्र छापावे आणि इतर निवासी शाळांना, समाजमंदिरांत चालणाऱ्या अभ्यासिकांना अल्प किमतीत द्यावे. खर्चाचा वाटा उचलण्याची तयारी दाखविणारेही पुढे आले. सूचना मोलाची आहे आणि साहित्य छापले जावे असेच आमचेही मत आहे. मात्र ते आहे तसेच छापले जाऊ नये, हेही आमचे तितकेच ठाम मत आहे. त्याची कारणे माजी विद्यार्थी, पालक आणि धम्मबांधवांपुढे ठेवणे अगत्याचे वाटते.

प्रथम चित्रांच्या गरजेविषयी. आमच्या वसतिगृहातील अनेक मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात, वीटभट्टीवर राबतात किंवा शहरात मिळेल ते काम करतात. घरात पुस्तक नाही, सहलीचा प्रश्न नाही. या मुलाने समुद्र पाहिलेला नसतो, संसद पाहिलेली नसते, सूक्ष्मदर्शकाखालची पेशी पाहिलेली नसते आणि तीस-चाळीस मैलांवरचे लेणेही पाहिलेले नसते. ज्याच्या घरी चार गोष्टी पाहायला मिळतात त्याच्यासाठी पुस्तकातले चित्र ही शोभा असेल. आमच्या मुलासाठी तोच तो पदार्थ. म्हणून शिक्षक मिळेल तेथून चित्र आणतो, स्वतःच्या पगारातून रंगीत प्रत काढतो, पुठ्ठ्यावर चिकटवितो. या धडपडीला चोरी म्हणणारा माणूस वर्गात कधी उभा राहिलेला नसावा.

कायदाही तिला चोरी म्हणत नाही. आपल्या देशाचा कॉपीराइट कायदा, म्हणजे स्वामित्वहक्काचा कायदा, १९५७ सालचा. त्याच्या कलम ५२ मध्ये कोणत्या गोष्टींनी हक्कभंग होत नाही याची यादी आहे. तिच्यात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली कोणत्याही कृतीची नक्कल येते. परीक्षेतील प्रश्नाचा भाग म्हणून किंवा त्याच्या उत्तरात केलेली नक्कलही येते. एवढेच नव्हे, तर स्नेहसंमेलनात मुलांनी आणि शिक्षकांनी सादर केलेले नाटक किंवा गाणे यांनाही तेथे जागा आहे, आणि प्रेक्षक म्हणून विद्यार्थी, कर्मचारी, पालक व संस्थेच्या कार्याशी संबंधित मंडळी कायद्याने मोजली आहेत. स्नेहसंमेलनाला येणाऱ्या पालकांना आपली दखल संसदेने घेतली आहे हे कदाचित ठाऊक नसेल.

या कलमाची खरी कसोटी दिल्लीत लागली. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील एका छोट्या छायाप्रतींच्या दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशनसंस्थांनी २०१२ साली दावा लावला. प्राध्यापकांनी नेमलेल्या वाचनयादीप्रमाणे निरनिराळ्या पुस्तकांतील प्रकरणांच्या प्रती काढून दुकानदार त्यांचे गठ्ठे विद्यार्थ्यांना देत असे. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी दावा फेटाळला. ९ डिसेंबरला खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासण्यासाठी परत पाठविले. पण मूळ तत्त्व कायम ठेवले. अध्यापन म्हणजे केवळ शिक्षक फळ्यापुढे उभा असतो तो तास नव्हे, तर सत्राच्या आरंभापासून अखेरपर्यंतची सगळी शिकण्याशिकविण्याची प्रक्रिया. आणि तिला जेवढे आवश्यक तेवढे घेणे न्याय्य, हे ते तत्त्व. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. म्हणून एखादा अधिकारी किंवा सावधगिरीचा अतिरेक करणारा मुख्याध्यापक शिक्षकाला ‘इंटरनेटवरचे एकही चित्र वापरू नका’ असे बजावीत असेल, तर तो कायद्यापेक्षा कडक होत आहे. आठवीच्या वर्गात पेशीचे चित्र दाखविणाऱ्या शिक्षिकेने कोणाचीही भीड बाळगण्याचे कारण नाही.

परंतु सवलत अध्यापनाला आहे, शिक्षकाच्या व्यक्तीला नव्हे. तेच चित्र घेऊन आपण पुस्तिका छापली, तिच्यावर किंमत घातली आणि ती विकावयास ठेवली, तर ते अध्यापन राहत नाही, प्रकाशन होते. शैक्षणिक उपयोगासाठी छापल्या जाणाऱ्या संग्रहांना कायद्याने वेगळी आणि बरीच आखूड सवलत दिली आहे. तिच्यात प्रकाशित साहित्यातील छोटे उतारे येतात, तेही एका लेखकाचे एकाच प्रकाशकाकडून पाच वर्षांत दोनच. आणि चित्रांचा तेथे उल्लेखच नाही. यूट्यूबवर सर्वांसाठी खुला ठेवलेला पाठ, देणगीदारांसाठी काढलेले माहितीपत्रक, फार काय, ही स्मरणिकादेखील, वर्गाच्या उंबरठ्याबाहेरची आहे. आणखी एक समज शिक्षकांत घट्ट बसलेला दिसतो: छापील चित्र पाहून हाताने काढले की ते आपले झाले. तसे होत नाही. नक्कल यंत्राने केली काय आणि हाताने केली काय, ती नक्कलच.

येथपर्यंत कायदा झाला. तो माहीत असावा. पण आमचा आग्रह केवळ त्याच्यासाठी नाही.

बैठकीत एका सहकाऱ्यांनी जो मुद्दा मांडला तो आम्हाला खराखुरा वाटतो. ते म्हणाले, ज्या समाजाला शेकडो वर्षे पाटीला हात लावू दिला गेला नाही, त्याने आज चित्राच्या मालकीची एवढी चिंता का वाहावी? ज्ञान कोणाच्या बापाचे नाही. या म्हणण्यात जे सत्य आहे ते आम्ही मान्य करतो, आणि म्हणूनच वर्गातील सवलतीच्या बाजूने आम्ही उभे आहोत. ती आकसली तर पहिला फटका आमच्याच मुलांना बसेल. परंतु ‘ज्ञान सर्वांचे’ म्हणताना ते घडविणाऱ्याचे नाव पुसण्याचा अधिकार त्यात येत नाही. आणि आपण ज्याचे चित्र उचलतो तो दर वेळी कोणी धनाढ्य कंपनीच असतो असेही नाही. जयंतीच्या मिरवणुकीसाठी बाबासाहेबांचे भव्य चित्र कापडावर रंगविणारा पेंटर आपल्यातलाच होता. फ्लेक्स आले आणि त्याचे काम गेले. आज त्याच्याच जुन्या चित्राचा फोटो फ्लेक्सवर छापला जातो, आणि कोपऱ्यातली त्याची सही तेवढी कात्रीत सापडते.

बाबासाहेबांनी या बाबतीत घालून दिलेला दाखला आमच्या दृष्टीने पुरेसा आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी अश्वघोषाच्या बुद्धचरिताचे ऋण नाव घेऊन मान्य केले आहे. काही प्रसंगांच्या कथनात आपण त्याची भाषादेखील उसनी घेतली आहे आणि आपला स्वतःचा वाटा विषयांच्या मांडणीपुरता आहे, असे त्यांनी सांगितले आहे. अश्वघोष होऊन सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षे लोटली होती. त्याच्या वतीने कोणी दावा लावणार नव्हते. कोणताही कायदा ते नाव लिहा म्हणून सांगत नव्हता. एवढा मोठा पंडित, कायद्याचा जाणकार, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, प्रकृती ढासळलेली असताना, उसने काय घेतले ते आठवणीने नोंदवितो.

पंचशीलातील दुसऱ्या शीलाचा शब्दही येथे नीट पाहण्यासारखा आहे. तो ‘चोरी’ असा नाही, ‘अदिन्नादान’ असा आहे. न दिलेले घेणे. तो चोरीपेक्षा पुष्कळ विस्तृत शब्द आहे. आता कोणी म्हणेल, चित्राची प्रत काढल्याने मूळ चित्र तर कोणाकडून गेले नाही, मग घेतले काय? आमची समजूत अशी की, वर्गात चित्र दाखविण्याची मुभा समाजाने कायद्याच्या द्वारे शिक्षकाला दिलेली आहे. ते ‘दिन्न’ आहे. चित्र विकण्याची मुभा कर्त्याने दिली असेल तरच दिलेली आहे. आणि कर्त्याचे नाव काढून टाकण्याची मुभा कोणी कोणालाच दिलेली नाही. ही आमची समजूत आहे. भिक्खू संघाने ती दुरुस्त केली तर आम्ही ती शिरसावंद्य मानू.

नाव लिहिण्याची ही रीत परक्या मुलखातून आली आहे असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या सह्याद्रीतील लेणी एकदा वाचावीत. पाहावीत असे न म्हणता वाचावीत असे मुद्दाम म्हणत आहोत. कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरताना दगडात कोरलेला लेख आहे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले, असे तो सांगतो. आत गेले की एकेका खांबावर तो देणाऱ्याचे नाव आणि गाव. धेनुकाकट येथील यवनांची नावेही त्यांत आहेत. परदेशी माणसाने एक खांब दिला, आणि संघाने त्या एका खांबावर त्याचे नाव राहू दिले. दाराचे काम करणारा सामी नावाचा सुतार, वेणुवासाचा मुलगा, त्याचेही नाव तेथे आहे. श्रेष्ठीचे नाव राहिले यात नवल नाही. सुताराचे राहिले, याचे मोल आम्हाला अधिक वाटते.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पितळखोऱ्याची यक्षमूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती घडविणाऱ्याने तिच्या हातावर आपले नाव कोरले आहे: कण्हदास, आणि धंदा सोनाराचा. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात चैत्यगृहाच्या दर्शनी भागी एका भग्न मूर्तीच्या मस्तकाशेजारी एक ओळीचा लेख आहे. हे काम कण्हाचा अंतेवासी बलक याने केले, एवढाच त्याचा आशय. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. आजच्या भाषेत निवासी विद्यार्थीच. त्याने स्वतःचे नाव लिहिले आणि ज्याच्याकडून हात शिकला त्याचेही लिहिले. लेणे खचले, मूर्ती फुटली, पाण्याने खांब झिजले. दोन हजार वर्षांनी त्या शिल्पाविषयी आपल्याला जे निश्चित ठाऊक आहे ते ही दोन नावे. आमच्या मते कोणत्याही निवासी शाळेच्या चित्रकलेच्या दालनात या लेखाचा ठसा लावलेला असावा.

हीच रीत शाहिरांनी चालविली. गीताच्या अखेरच्या कडव्यात आपले नाव गुंफण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे आणि वामनदादा कर्डकांनी ती आयुष्यभर पाळली. कागद नाही, करार नाही, ध्वनिमुद्रणाचे हिशेब नाहीत. गाणे गावोगाव जाणार आणि दुसऱ्याच्या गळ्यातून जाणार, हे जाणून केलेली ती नोंदणी होती. शेवटचे कडवे गाळून गाणाऱ्याला हे कळले पाहिजे.

नाव गाळल्याने केवळ कर्त्यावर अन्याय होतो असे नाही. मुलाचे शिक्षणही बिघडते, आणि शिक्षक म्हणून हा मुद्दा आम्हाला सर्वांत जड वाटतो. ज्या चित्राखाली काही लिहिलेले नाही त्याविषयी मुलाने प्रश्न विचारला तर उत्तर कोठून देणार? भाज्याचे चैत्यगृह कार्ले म्हणून छापलेले आम्ही किती ठिकाणी पाहिले आहे. कार्ल्याला पुढे सिंहस्तंभ आहे आणि स्तूपावर लाकडी छत्र अजून टिकून आहे. भाज्याच्या दर्शनी भागाची कमान उघडी आहे आणि आतले खांब किंचित आत कललेले आहेत. चित्र घेताना ते कोठून घेतले हे लिहिण्याची सवय असती, तर ही गफलत दहाव्या प्रतीपर्यंत पोहोचलीच नसती.

अजिंठ्याचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणीचे चित्र आपल्या समाजातील बहुतेक घरांत कोणत्या ना कोणत्या रूपात असते. पण ते कोणते पद्मपाणी? भिंतीवरचे मूळ चित्र, त्याचे छायाचित्र, की कोणा चित्रकाराने केलेली प्रत? रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून कित्येक वर्षे अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या मोठ्या प्रती तयार केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा प्रती करविल्या. त्यांतीलही अनेक १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ साली निघाला. नंतर लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांच्यासारखे तरुण चित्रकार अजिंठ्याला आले आणि त्यांच्या प्रतींचा संग्रह १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. भिंतीवरचे रंग तेव्हापासून पुष्कळ गेले आहेत, म्हणून या प्रतींचे मोल आता पुराव्याचे आहे. हातातली प्रत कोणत्या साली कोणी केली हे ठाऊक असेल, तर ‘त्या वेळी येथे हा निळा रंग दिसत होता’ असे म्हणता येते. ठाऊक नसेल तर ते नुसते सुंदर चित्र. आणि ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे गुहांच्या अंधारात काम करणाऱ्या त्या मुंबईच्या विद्यार्थ्यांपैकी पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे एखादे नाव सोडले तर बाकीची नावे आज किती जणांना सांगता येतील?

अलीकडे संगणकाकडून हवे तसे बुद्धाचे चित्र करून घेण्याची सोय झाली आहे. चित्र झळझळीत असते. मुद्रा भूमिस्पर्शाची की धर्मचक्रप्रवर्तनाची यात त्या यंत्राची गफलत होऊ शकते, आणि बोटे कधी कधी सहा असतात. त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज वाटत नाही.

सर्वत्र आढळणाऱ्या आणखी एका सवयीविषयी मात्र लिहिले पाहिजे. चित्राखाली ‘साभार : गूगल’ असे लिहिले की कर्तव्य पार पडले असे मानले जाते. गूगलने ते चित्र काढलेले नसते. त्याने फक्त ते कोठे आहे एवढे दाखविलेले असते. पाहुणा एस.टी.ने आला म्हणून तो एस.टी. महामंडळाचा होत नाही. एक पायरी मागे जाऊन चित्र मुळात ज्या पानावर आहे ते उघडले, तर बहुतेक वेळा छायाचित्रकाराचे नाव सापडते. विकिमीडिया कॉमन्ससारख्या खुल्या भांडारात तर आपल्या लेण्यांची असंख्य छायाचित्रे आहेत. ती छापण्यास, वाटण्यास कर्त्यांनी आधीच परवानगी देऊन ठेवलेली असते. बहुतेकांची अट एवढीच की नाव लिहा आणि कोणत्या परवान्याखाली घेतले ते लिहा. फुकट मिळणाऱ्या वस्तूची एवढी किंमतही जड का व्हावी?

काळाचा हिशेबही ठेवण्यासारखा आहे. आपल्याकडे स्वामित्वहक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले; त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून या बंधनातून मुक्त झाले आहेत. त्यांची भाषांतरे, त्यांवर कोणी लिहिलेल्या टिपा आणि त्यांच्या मुखपृष्ठावरील चित्रे यांचा हिशेब मात्र ज्याचा त्याचा वेगळा. चित्रकार धुरंधर १९४४ साली गेले, त्यांची चित्रे २००५ पासून सर्वांची आहेत. ग्रिफिथ्स १९१८ साली वारले, तेव्हा त्यांच्या ग्रंथातील अजिंठा आपण निःशंकपणे छापू शकतो. याउलट, दिवाळी अंकांमुळे घराघरांत पोहोचलेले दीनानाथ दलाल १९७१ साली गेले. त्यांच्या चित्रांना अजून काही वर्षे आहेत. छायाचित्रांची मुदत पूर्वी प्रसिद्धीपासून मोजली जाई. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तीही छायाचित्रकाराच्या आयुष्याला जोडली गेली. म्हणून ‘फोटो जुना आहे’ एवढ्याने भागत नाही.

आणि मुदत, विक्री, परवानगी या सर्वांपलीकडे कायद्याने कर्त्याला आणखी एक गोष्ट दिली आहे. कलम ५७ प्रमाणे, हक्क विकून टाकल्यानंतरही ‘ही माझी कृती’ असे म्हणण्याचा आणि तिची विटंबना रोखण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी घडविलेले भव्य भित्तिशिल्प होते. १९७९ साली दुरुस्तीच्या वेळी ते त्यांना न विचारता उतरवून गोदामात टाकले गेले. शिल्प सरकारने विकत घेतलेले होते, तरी २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष शिल्पकाराला परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. तो निकाल देणारे न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग. आणि वर सांगितलेल्या छायाप्रतींच्या खटल्यात, २०१६ साली, शिक्षणासाठी नक्कल न्याय्य ठरविणाऱ्या खंडपीठावर होते तेही नंदराजोगच. मुक्तपणे शिकवू देणे आणि कर्त्याचा मान राखणे यांत विरोध आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवावेत.

हा प्रश्न आपल्या अंगावर आला की कसा दिसतो, तेही सांगितले पाहिजे. आमच्या एका कलाशिक्षिकेने चैत्यगृह आणि विहार यांचे भाग समजावून देणारी रेखाचित्रे काढली होती. एकेका लेण्यात बसून, मोजमापे घेऊन, दोन सुट्ट्या खर्ची घालून. काही वर्षांनी ती एका स्पर्धा-परीक्षा मार्गदर्शकात जशीच्या तशी छापलेली आढळली. नाव अर्थातच नव्हते. बाईंनी तक्रार केली नाही. त्यांनी एवढेच विचारले की, तिसऱ्या चित्रात एक खांब मी जाणूनबुजून अर्धा सोडला होता, मुलांनी तो पुरा करावा म्हणून. यांनी तो तसाच का छापला?

दुसरा अनुभव याहून अस्वस्थ करणारा आहे. शाळेला भेट देणारे पाहुणे मुलांचे फोटो काढतात. त्यांतील एक फोटो, सकाळच्या रांगेत ताटली घेऊन उभ्या असलेल्या मुलीचा, पुढे एका संस्थेच्या निधीसंकलनाच्या पत्रकावर ‘उपाशी बालपण’ अशा मथळ्याखाली झळकला. मुलगी उपाशी नव्हती. त्या दिवशी तिचा वर्ग रांगेत पहिला होता म्हणून ती हसत होती, आणि हसणे कापून चेहऱ्याचा वरचा भाग तेवढा घेतला होता. कायद्याच्या भाषेत त्या छायाचित्राचा हक्क फोटो काढणाऱ्याचा. मुलीचा नाही, तिच्या आईवडिलांचाही नाही. पालकांनी हे ध्यानात ठेवावे. तेव्हापासून लेखी संमतीशिवाय आमच्या आवारात मुलांचे छायाचित्र काढू दिले जात नाही. जे आपल्या मुलांच्या बाबतीत आपल्याला सहन होत नाही, ते तक्त्यावर चिकटविलेल्या दुसऱ्या कोणाच्या मुलाच्या चित्रालाही लागू आहे. ‘बालमजूर’ किंवा ‘कुपोषण’ या धड्यासाठी इंटरनेटवरून उतरवलेल्या चेहऱ्याला गाव असते, आईबाप असतात, नाव असते.

आता छापावयाच्या साहित्याविषयी. आमचा आग्रह असा की, वर्गासाठी केलेले साहित्य वर्गात जसे चालले आहे तसे मोकळेपणाने चालू द्यावे, फक्त चित्राखाली बारीक अक्षरांत कर्ता आणि ठिकाण लिहावे. बालभारतीच्या पुस्तकाचे पहिलेच पान उघडून पाहा: चित्रकाराचे नाव असते, मुखपृष्ठ कोणाचे ते असते, कागद किती जीएसएमचा हेही असते. छापावयाच्या संचासाठी मात्र प्रत्येक चित्र पुन्हा तपासावे. मुदत संपलेली आणि खुल्या परवान्याची चित्रे ठेवावीत. हयात चित्रकारांना पत्र लिहून विचारावे. निवासी शाळेच्या पत्राला नकार देणारे चित्रकार फार नसतात, आणि एखाद्याने मानधन मागितले तर ते देण्याची तरतूद छपाईच्या खर्चातच असावी. कागदवाल्याला पैसे द्यायचे, बांधणीवाल्याला द्यायचे, आणि चित्रकाराला मात्र ‘समाजाचे काम आहे’ असे सांगायचे, हा न्याय आम्हाला पटत नाही.

उरलेली चित्रे आपण नव्याने काढावीत, आणि ती दुसऱ्याच्या चित्रावरून नव्हे, वस्तूवरून. लेणी आपल्या दारात आहेत. त्यांवर कोणाचा स्वामित्वहक्क नाही. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या आधुनिक शिल्पाचेही चित्र काढण्यास आणि छायाचित्र घेण्यास कायद्याची आडकाठी नाही. तेव्हा नववीच्या मुलांना वह्या-पेन्सिली देऊन दोन दिवस लेण्यात बसवावे. अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही, पेन्सिल चालते. मुलांनी काढलेली चित्रे आज छापलेल्या चित्रांइतकी सफाईदार नसतील. स्तूप थोडा वाकडा येईल, हर्मिका कोणाच्या चित्रात मोठी होईल. तरी तो संच आमच्या मुलांनी पाहून काढलेला असेल आणि प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचे नाव, इयत्ता आणि शिकविणाऱ्या शिक्षकाचे नाव असेल. बलकाने जसे लिहिले तसे. शिक्षकांनी नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, संस्था ठरते. म्हणून संस्थेने आधीच लेखी ठराव करावा, असेही आम्ही सुचविले आहे: विक्रीचा हक्क संस्थेचा, नाव शिक्षकाचे, आणि पुढच्या आवृत्तीत बदल करायचा तर त्याला विचारून.

एक काम मात्र माजी विद्यार्थ्यांखेरीज कोणाला करता येणार नाही. साहित्यकक्षात जुने हाताने रंगविलेले तक्ते जपून ठेवलेले आहेत: पचनसंस्था, महाराष्ट्रातील नद्या, महाडचा सत्याग्रह, अशोकाचे शिलालेख कोठे कोठे आहेत त्याचा नकाशा. काही त्या वेळच्या गुरुजींनी काढलेले आहेत, काही वसतिगृहातील मुलांनी रात्री अभ्यासाच्या तासानंतर. त्या काळी तक्त्यावर नाव घालण्याची रीत नव्हती. स्मरणिकेच्या प्रकाशनादिवशी हे सर्व तक्ते सभागृहाच्या उत्तरेकडील भिंतीवर लावले जातील. ज्यांना आपले, आपल्या वर्गमित्राचे किंवा आपल्या गुरुजींचे काम ओळखता येईल त्यांनी तेथे बसलेल्या विद्यार्थ्याला सांगावे. तक्त्याच्या मागच्या बाजूस नाव, गाव आणि वर्ष लिहून घेण्यासाठी त्याच्याजवळ पेन्सिल दिलेली असेल.